मर्सेन संख्या आणि खारीचा वाटा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात जालना येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविलेल्या गणितशिक्षकास बोलण्याची सवय असते. परंतु आज समोर घंटेची वाट पाहणारी मुले नसून भोजनाची वाट पाहणारी वडीलधारी मंडळी बसली आहेत, ही जाणीव मला किंचित बेचैन करीत आहे. विषयही थोडा अनोळखी आहे. तो निवडण्यास जे कारण घडले, ते प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी याच सभागृहात विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला. यशस्वी विद्यार्थ्यांची यादी वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. मी नावे वाचीत होतो, टाळ्या पडत होत्या, आणि यादी अर्धी झाली असता मागच्या रांगेतील एक तरुण उठून हळूच बाहेर गेला. तो माझा जुना विद्यार्थी. स्पर्धा परीक्षेसाठी तीन वर्षे त्याने रात्रीचा दिवस केला होता, आणि तिन्ही वेळा त्याचे नाव यादीत आले नव्हते. यादी माझ्या हातात होती. तीत त्याच्यासाठी एक ओळही नव्हती. त्या दिवशी त्यास काय सांगावे, हे मला सुचले नाही.

पुढे पंधरा दिवसांनी तो माझ्या घरी आला. माझ्या खोलीत एक जुना संगणक आहे. तो रात्रंदिवस घरघरत असतो. आमच्या घरातील मंडळी त्याला विनोदाने ‘गिरणी’ म्हणतात. त्या तरुणाने विचारले, “सर, ही गिरणी काय दळते?” मी म्हणालो, “अवाढव्य संख्यांचे अवयव शोधते.” त्याने पुन्हा विचारले, “आणि सापडतात काय?” मी खरे तेच सांगितले, “बहुधा सापडत नाहीत.” तो हसला; परंतु बसला. त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो, तेच आज आपणांपुढे सविस्तर मांडतो.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पहिल्या घरात ज्वारीचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घरास दुप्पट करीत जावे. आपल्या मोंढ्यातील सारी पोती ओतली तरी चौसष्टावे घर भरणार नाही, हे त्या गोष्टीचे तात्पर्य. आता दाण्यांची बेरीज करून पाहा. दोन घरांत मिळून ३ दाणे, तीन घरांत ७, पाच घरांत ३१, सात घरांत १२७. म्हणजे जितकी घरे तितके दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा, की बेरीज मिळते. या बेरजांना गणितात मर्सेन संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७ या सर्व मूळ संख्या आहेत. एक आणि स्वतः ती संख्या यांवाचून त्यांना दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही.

घरांची संख्या मूळ नसेल, तर बेरीजही मूळ नसते. चार घरांची बेरीज १५, सहा घरांची ६३. मग घरांची संख्या मूळ असली, की बेरीज नेहमीच मूळ असेल काय? तसे वाटते खरे. परंतु अकराव्या घरापाशी हा समज कोसळतो. अकरा घरांची बेरीज २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. ही गोष्ट १५३६ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून प्रश्न असा उभा राहिला, की कोणत्या घरापर्यंतची बेरीज मूळ आहे आणि कोणती फुटते? जी फुटते तिचे अवयव कोणते?

मारँ मर्सेन हा फ्रान्समधील एक संन्यासी. त्याचा काळ १५८८ ते १६४८, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांचा काळ. मर्सेन स्वतः मोठा गणिती होता असे नाही. परंतु युरोपातील विद्वान आपले शोध त्यास पत्राने कळवीत आणि तो ते इतरांस कळवी. त्याची मठातील खोली म्हणजे त्या काळचे विद्येचे टपालघरच होय. १६४४ साली त्याने एक यादी प्रसिद्ध केली, की २५७ व्या घरापर्यंत अमुक अकरा बेरजा तेवढ्या मूळ आहेत. ती यादी तपासण्यास जगाला तीनशे वर्षे लागली आणि तीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ ही नावे यादीत नको असता आली होती. ६१, ८९ आणि १०७ ही हवी असता राहून गेली होती. याद्यांचा हा धर्मच आहे, हे मी गेल्या वर्षीची यादी वाचणारा या नात्याने नम्रपणे नमूद करतो.

यांपैकी ६७ ची हकीकत सांगण्यासारखी आहे. फ्रेंच गणिती लुका याने १८७६ साली सिद्ध केले, की ६७ घरांची बेरीज मूळ नाही. ती फुटते हे कळले. कोठे फुटते हे मात्र कोणालाच कळेना. संख्या एकवीस अंकी. पुढे ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक व्याख्यानास उभे राहिले. असे सांगतात, की त्यांनी तोंडातून एक शब्दही काढला नाही. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी ६७ घरांची बेरीज मांडली. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरे जुळली, कोल जागेवर जाऊन बसले आणि सभा टाळ्यांनी दुमदुमली. हे शोधण्यास किती काळ लागला असे कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की तीन वर्षांचे रविवार. एक शब्दही न बोलता संपलेले व्याख्यान आपणांस अधिक आवडले असते, याची मला कल्पना आहे.

आता कोल यांनी तीन वर्षे केले काय? दिसेल त्या संख्येने भागून पाहिले काय? तसे करीत बसते, तर जन्म पुरला नसता. अवयव शोधण्याचे काही नियम आहेत. घरांची संख्या ११ असेल, तर २०४७ चा कोणताही मूळ अवयव २२ च्या पटीत एक मिळवून झालेला असला पाहिजे. म्हणजे उमेदवार २३, ४५, ६७, ८९ असे ठरतात. दुसरा नियम असा, की उमेदवारास ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. या नियमाने ४५ आणि ६७ बाद होतात. उरतात २३ आणि ८९, आणि तेच खरे अवयव आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत रम्य वाटते. उमेदवार योग्य आहे की नाही हे पाहण्यास ती प्रचंड बेरीज लिहून काढण्याचीही गरज नाही. दोनाचा मोठा घात थोड्या पायऱ्यांत काढण्याची रीत पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रात दोन हजार वर्षांपूर्वी आलेली आहे. लघु आणि गुरू यांची किती वृत्ते होतात, हे मोजण्यासाठी त्यांना दोनाचे घात लागत. घातांक सम असेल तर निम्मा करावा, विषम असेल तर एक वजा करावा. मग उलट येताना निम्मे केले तेथे वर्ग करावा, एक वजा केला तेथे दुप्पट करावी. ११ घ्या: ११ वरून १०, १० वरून ५, ५ वरून ४, ४ वरून २, २ वरून १. आता २ पासून परत या, आणि दर पायरीस २३ ने भागून केवळ बाकी जवळ ठेवा. २ चा वर्ग ४. ४ चा वर्ग १६. १६ ची दुप्पट ३२, बाकी ९. ९ चा वर्ग ८१, बाकी १२. १२ ची दुप्पट २४, बाकी १. शेवटी १ उरला, म्हणजे बेरजेस २३ ने निःशेष भाग जातो. पाच पायऱ्यांत काम झाले. विद्यार्थिमित्रांनी घरी जाऊन २३ घरे आणि ४७ हा उमेदवार घेऊन हेच करून पाहावे. माझ्या त्या विद्यार्थ्याने ते वर्तमानपत्राच्या कडेवर केले आणि शेवटी १ येताच तो खुर्चीतून उठला.

आजचे संगणक हीच रीत वापरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या १३,६२,७९,८४१ घरांची आहे. तिचे अंक ४,१०,२४,३२०. आपल्या स्मरणिकेच्या एका पानावर दोन हजार अंक बसतात असे धरले, तर ती छापण्यास साडेवीस हजार पाने लागतील. एवढ्या मोठ्या संख्येस एखाद्या उमेदवाराने भाग जातो काय, हे पाहण्यास पिंगलरीतीने केवळ २७ वेळा वर्ग करावा लागतो. परंतु ती मूळ आहे की नाही, याची पूर्ण चाचणी घ्यावयाची, तर चार कोटी अंकी संख्यांचे सुमारे साडेतेरा कोटी वर्ग एकामागून एक करावे लागतात. म्हणून शहाणपण असे, की आधी स्वस्तात अवयव शोधावा. तो सापडला तर मोठ्या चाचणीचा सारा खर्च वाचतो. तो नाही सापडला तरच मोठ्या चाचणीस हात घालावा.

हे काम एका माणसाचे नव्हे, हे उघड आहे. जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने जानेवारी १९९६ मध्ये एक योजना सुरू केली. तिचे नाव ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’, संक्षेपाने ‘जिम्प्स’. त्याने प्राइम९५ नावाचा कार्यक्रम लिहून लोकांना विनामूल्य दिला. ज्याच्या घरी संगणक आहे त्याने तो बसवावा. मध्यवर्ती यंत्राकडून त्यास कामाचा एक तुकडा मिळतो: अमुक घरांच्या बेरजेचा अमुक मर्यादेतील अवयव शोध. मालक आपले टंकलेखन करीत असो वा झोपलेला असो, संगणकास जी सवड मिळेल तीत हे काम चालते. काम कोठवर आले याची नोंद तो ठरावीक वेळाने ठेवतो. त्यामुळे आपल्याकडे वीज गेली तरी थोडेच वाया जाते, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. सेतुबांधाच्या वेळी खारीने अंगाची वाळू आणून झटकली, असे आपण सांगतो. येथे तशा असंख्य खारी निरनिराळ्या देशांत आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

अवयव शोधण्याच्या रीतीही वाढल्या आहेत. जॉन पोलार्ड यांनी १९७४ साली सुचविलेली एक रीत अशी, की शोधावयाच्या अवयवातून एक वजा केल्यावर जी संख्या उरते तिचे तुकडे लहान असतील, तर तो अवयव फार लवकर हाती लागतो. कोल यांच्या अवयवातून एक वजा करा: १९,३७,०७,७२०. तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव केवळ २६७७. म्हणून जे काम तीन वर्षांच्या रविवारांचे होते, ते आज माझ्या गिरणीस क्षणाचे आहे. यात कोल यांचा मोठेपणा कमी होत नाही. पुढच्या पिढीची वाट सोपी झाली, एवढाच याचा अर्थ.

परंतु यात यश किती? अनुभवाचा ठोकताळा असा, की २ च्या ७५ व्या घातापासून ७६ व्या घातापर्यंतचे सारे उमेदवार तपासले, तर अवयव सापडण्याची शक्यता सुमारे पंचाहत्तरात एक असते. उरलेल्या चौऱ्याहत्तर वेळा संगणक एकच ओळ पाठवितो: अवयव मिळाला नाही. आणि सारी योजना ज्या मूळ संख्येसाठी आहे, ती तर त्याहून दुर्लभ. ऑक्टोबर २०२४ पर्यंत जगास केवळ ५२ मर्सेन मूळ संख्या ज्ञात झाल्या. त्यांपैकी १८ या योजनेने दिल्या.

ज्यांना त्या मिळाल्या त्यांची नावे झाली. १९९९ साली नयन हजरतवाला या, नावावरूनच आपल्या देशाशी नाते सांगणाऱ्या, मिशिगनवासी गृहस्थाच्या घरगुती संगणकास दहा लाखांहून अधिक अंकांची पहिली मूळ संख्या मिळाली आणि पन्नास हजार डॉलरांचे पारितोषिकही लाभले. टेनेसीतील जोनाथन पेस यांना डिसेंबर २०१७ मध्ये यश आले. तोपर्यंत त्यांची चौदा वर्षे शोधात गेली होती. आपल्याकडे चौदा वर्षांस काय म्हणतात ते सांगावयास नको. २०२४ ची संख्या ल्यूक ड्युरंट यांनी अनेक देशांतील यंत्रे जोडून मिळविली. हे तिघे आपणांस ठाऊक झाले. परंतु ज्या असंख्य संख्यांना अवयव सापडले, त्या शोधणाऱ्यांची नावे कोणत्या सभेत वाचली जातात? आणि ज्यांनी ‘अवयव मिळाला नाही’ एवढेच कळविले, त्यांची?

त्यांची नावे टाळ्यांसाठी वाचली जात नाहीत. परंतु त्यांच्या कामाची नोंद होते, आणि माझ्या मते हीच या योजनेची खरी थोरवी आहे. मध्यवर्ती वहीत प्रत्येक संख्येपुढे लिहिलेले असते, की अमुक मर्यादेपर्यंत शोध झाला, येथवर काही नाही. पुढच्या माणसाने तेथून आरंभ करावा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या जालन्यात बियाण्यांचा उद्योग उभा केला, त्या गावास हे समजावून सांगण्याची गरज नसावी. एक उत्तम वाण हाती येण्यापूर्वी किती वाण पेरून, पाहून, नोंदवून बाजूस ठेवावे लागतात! ज्या वाफ्यात काही निघाले नाही त्याचीही नोंद हवी. नाहीतर पुढचा माणूस तोच वाफा पुन्हा पेरीत बसेल.

आणि ही नोंद प्रामाणिक पाहिजे. संगणकही चुकतो. म्हणून पूर्वी प्रत्येक मोठी चाचणी दोन निरनिराळ्या यंत्रांवर करून उत्तरे ताडून पाहत. २०२० पासून कामाबरोबर त्याचा पुरावाही पाठविण्याची सोय झाली आहे, आणि तो तपासण्यास थोडेच श्रम पडतात. तरीही माणसाच्या व्यवस्थेत त्रुटी राहतेच. १७ सप्टेंबर २०१५ रोजी एका यंत्राने नव्या मूळ संख्येची बातमी पाठविली; परंतु सूचना देणारे पत्र कोणास पोचलेच नाही. ७ जानेवारी २०१६ रोजी झाडलोट करताना ती बातमी दृष्टीस पडली. जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या पावणेचार महिने वहीत पडून होती आणि कोणास त्याचा पत्ता नव्हता! यश मिळणे आणि यश दिसणे या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात असे नाही.

“याचा व्यवहारात उपयोग काय?” हा प्रश्न आपल्या मनात आला असेल, माझ्या घरातही तो दरमहा विजेच्या बिलाबरोबर येतो. खोटी आशा दाखविणे मला जमणार नाही. या संख्यांनी शेतमालास भाव येणार नाही. आनुषंगिक लाभ मात्र झाले आहेत. हा कार्यक्रम यंत्रास इतके राबवितो, की संगणकांची कसोटी घेण्यासाठी तो सर्रास वापरतात. २०१६ साली इंटेलच्या नव्या प्रोसेसरमधील एक दोष याच मार्गाने उघडकीस आला. परंतु खरे उत्तर मला देवळालीच्या एका शाळेत सापडते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे तेथील साधे शिक्षक. ४५ चा वर्ग २०२५; त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले, तर बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज सारे जग कापरेकर संख्या म्हणते. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून ६, २८, ४९६ यांसारखी एक परिपूर्ण संख्या तयार होते, आणि या साऱ्या संख्या द्विमान पद्धतीत लिहिल्या असता कापरेकर संख्या ठरतात, हे पुढे सिद्ध झाले. कापरेकर १९८६ साली निवर्तले. त्यांनी कागद, पेन्सिल आणि स्वतः काढलेल्या पुस्तिका यांवर हे सारे केले. उपयोग काय, असे त्यांनी विचारले असते, तर ते काहीच करते ना.

आता त्या तरुणाकडे येतो. मी त्यास म्हणालो, की तुझी तीन वर्षे म्हणजे ‘अवयव मिळाला नाही’ अशा तीन ओळी आहेत. त्या पुसू नकोस, वहीत नीट लिही. काय वाचले, कोठे अडले, कोणती वाट बंद निघाली, हे पुढच्या मुलास कळू दे. मनुष्य म्हणजे संख्या नव्हे, हे मला ठाऊक आहे. संख्येला एक अवयव सापडला, की तिचा निकाल लागतो. माणसाचा निकाल एका परीक्षेने लागत नाही. त्याने ती वही लिहिली. परीक्षेत तो अद्याप उत्तीर्ण झालेला नाही. परंतु त्याची वही आज वसतिगृहातील चार मुलांच्या हाती आहे. तो या सभागृहात उपस्थित आहे. कोठे बसला आहे, ते मी सांगणार नाही.

शेवटी मंडळास एक सूचना. मंडळाच्या विजेवर संगणक चालवावा, असे मी म्हणत नाही. मला वसतिगृहातील एक खोली, एक फळा आणि रविवारची दोन तासांची मुभा हवी आहे. त्या वर्गात मुले २३ आणि ४७ यांपासून आरंभ करतील. पुढे ज्यांना गोडी लागेल त्यांना मी १२७७ घरांच्या बेरजेपर्यंत नेईन. ती ३८५ अंकी संख्या मूळ नाही हे सिद्ध झाले आहे; तरी इतक्या यंत्रांच्या इतक्या वर्षांच्या श्रमानंतरही तिचा एकही अवयव कोणास सापडल्याचे माझ्या वाचनात नाही. तो आमच्या वर्गात सापडेल, अशी वल्गना मी करीत नाही. परंतु त्या वर्गात एक वही ठेवली जाईल, आणि तीत ज्यांना काही सापडले नाही त्यांचीही नावे लिहिली जातील. पुढच्या वर्षी गुणगौरवाची यादी संपल्यावर त्या वहीचे एक पान वाचण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी द्यावी, एवढीच प्रार्थना.